तीन ते साडेतीन

देऊळघाटहून जीपने वीस मिनिटांवर असलेल्या बियाण्यांच्या कारखान्यात ऐन चैत्रात एक यंत्र आलं. ते दाणा निवडत नव्हतं, तोलत नव्हतं, पोतंही शिवत नव्हतं. त्याला नुसती पाच तोंडं होती. डावीकडचं हिरवं तोंड खदाखदा हसणारं, उजवीकडचं लाल तोंड रडणारं, आणि मधली तीन उतरत्या भाजणीने. सुपरवायजर देवानंदने ते फाटकाजवळच्या खांबावर ठोकलं आणि निवडणीच्या बायांना गोळा केलं.

"घरी जातानी रोज एक तोंड दाबाचं. आज कामावर कसं वाटलं, थे. पुण्याच्या हापिसात बसल्या जागी समजते."

"अन् नाई दाबलं तं?" सुभद्राबाईने विचारलं.

"हजेरी लागत नाई."

"म्हंजे सुख नाई सांगतलं तं दिवसच बुडला?"

"हाव," देवानंद म्हणाला. पण म्हणताना त्याने खांबाकडे पाहिलं, बाईकडे नाही.

वच्छलाबाई रांगेत पहिली, कारण ती सगळ्यांत जुनी. पंचवीस वर्षं तिने याच पत्र्याखाली दाणा निवडला होता. फुटका, डागी, सुरकुतलेला दाणा तिच्या बोटांना न बघता कळायचा. तो दिवस तसा चांगला गेला होता. माल स्वच्छ होता, तीनचा चहा आल्याचा झाला होता आणि सुभद्राबाईने आपल्या सासूच्या चालीची नक्कल करून सगळ्यांना पोट धरधरून हसवलं होतं. पण मागे एकोणचाळीस बाया उभ्या! एवढ्या जणींच्या देखत, मी फार सुखात आहे, असं जाहीर करायचं? नातू झाला तेव्हा गुटगुटीत पोराला ती आठ महिने "हाय आपला हडकुळा" म्हणत आली होती. दृष्ट काही सांगून लागत नाही. तिने मुकाट्याने चौथं तोंड दाबलं.

सुभद्राबाईने तर सरळ लाल. "हसरं दाबलं तं म्हणतीन, बाया मजेत हायेत, पट्टा अजून जोरात सोडा."

मागच्या अडतीस जणींनी या दोघींकडे पाहून आपापलं तोंड ठरवलं.

महिन्याने पुण्याहून आकडे आले. कंपनीच्या अकरा कारखान्यांत हा कारखाना सर्वांत दुःखी निघाला.

आता, दुःखाला कारणं नव्हती असं नाही. दाणा वाहून आणणाऱ्या पट्ट्याचा वेग दोन वर्षांत तीनदा वाढवला होता. मोरीच्या दारावर कॅमेरा होता आणि आत किती वेळ गेला ते देवानंदच्या मोबाइलवर दिसायचं. पहाटे पाचला ग्रुपवर टार्गेट यायचं, त्याखाली फुलाचं चित्र आणि 'शुभ सकाळ'. पण यातलं काही कोणी विचारलं नव्हतं. यंत्रावर त्याचं तोंड नव्हतं.

वच्छलाबाईला जुने मालक आठवायचे. कडूबा मालक. ते काही देवमाणूस नव्हते. मजुरी कमी द्यायचे आणि शिव्या मोजून न देता सढळ द्यायचे. पण घड्याळात तीन वाजले की हापिसातून स्वतःच ओरडायचे, "चहा ठेवा बे! हात थकले की डोये आंधये होतात!" मग कुंपणाजवळच्या करंजाखाली तीन विटांची चूल पेटायची. दूध सुभद्राबाईच्या म्हशीचं, साखर-पत्ती पाळीपाळीने, आणि काळंकुट्ट भगोनं वच्छलाबाईचं. मालक गेले, मुलांनी कारखाना कंपनीला विकला, यंत्रं आली, कॅमेरे आले. पण ती तीन ते साडेतीनची वेळ कशी कोण जाणे टिकली होती. त्या अर्ध्या तासात कोणाची सुटलेली सोयरीक जुळायची, कोणाचं रडणं रडून व्हायचं. साडेतीनला बाया पट्ट्यावर परतायच्या त्या जणू नुकत्या सकाळी आल्यासारख्या.

आकडे आले आणि त्यांच्या मागोमाग अनुपमा मॅडम आल्या. मूळच्या चिखलीच्या, शिक्षण पुण्याचं. वय तिशीच्या आत, गाडी नवी कोरी, पर्समध्ये पित्ताच्या गोळ्यांची पाकिटं.

"तुमच्या मनावर ताण आहे," त्यांनी बायांना सांगितलं. "तो आपण घालवणार आहोत. रोज अर्धा तास."

"कोनता अर्धा तास?" वच्छलाबाईने विचारलं.

"तीन ते साडेतीन. तेवढाच वेळ रिकामा दिसतो."

चूल सुरक्षेच्या नियमात बसत नव्हती. विटा उचलून कुंपणाबाहेर फेकल्या गेल्या. शेडमध्ये पडदा लागला. पडद्यावर एक गोरीपान बाई गोड आवाजात सांगायची, डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या, मनाने समुद्रकिनारी जा. वर पत्रा तापलेला, नाकात बियाण्याला लावायच्या औषधाचा वास. दीर्घ श्वास घेतला की निम्म्या बाया खोकायच्या. मग हात वर करून तीन वेळा मोठ्याने हसायचं. त्याचा फोटो देवानंद पुण्याला पाठवायचा.

"गेली होती का व समुद्रावर?" वच्छलाबाईने एकदा विचारलं.

"गेली होती," सुभद्राबाई म्हणाली. "पानी खारट निंघालं. चहा नाई होत त्याचा."

पण थट्टा फार दिवस पुरली नाही. पंधरा दिवसांत बाया एकमेकींवर खेकसू लागल्या. सुपड्यावरून भांडण, पंख्यावरून भांडण. कलाबाई आणि पुष्पाबाई या सख्ख्या जावा; त्यांनी जाण्यायेण्याच्या जीपमध्येही बोलणं टाकलं. आणि एके दिवशी वच्छलाबाईच्या डोळ्यांदेखत एक फुटका दाणा पट्ट्यावरून पुढे गेला. तिला तो दिसला. बोटांनाही कळला. पण हात उचलला नाही. जाऊ दे, असं मनात आलं.

ती घाबरली. पंचवीस वर्षांत असं मनात आलं नव्हतं. कोणाच्या तरी शेतात तो दाणा पडणार, उगवणार नाही, आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तिने रोजचं चौथं सोडून लाल तोंड दाबलं. या वेळी मनापासून. पण खोटं लाल आणि खरं लाल यंत्राला सारखंच. आकडा तसूभरही हलला नाही, आणि पुण्याहून पत्र आलं, की ताण अधिक खोल दिसतो, सबब अर्ध्या तासाचा एक तास करावा. वाढीव अर्धा तास बायांनी सुटीनंतर थांबून भरून द्यावा.

त्याच दिवशी वच्छलाबाई पदर खोचून मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

"मॅडम, आमाले सुख नोको. चहा द्या."

"वच्छलाबाई, तुम्हीच तर रोज रडकं तोंड दाबता! पहिल्या दिवसापासून! मी वर काय उत्तर देऊ? माझंही टार्गेट आहे." मॅडमने गोळी तोंडात टाकली.

"पह्यल्या दिवशी मी चांगली होती."

"मग हसरं का नाही दाबलं?"

वच्छलाबाई सांगणार, तेवढ्यात मॅडमचा फोन वाजला. चिखलीहून त्यांची आई. आवाज टेबलाच्या अलीकडेही ऐकू येत होता. जेवली का, गाडी कशी आहे, पगार वाढला म्हणे?

"कायचा वाढला व माय," मॅडम म्हणाल्या. पुणं कुठल्या कुठे गेलं. "गाडी हाय आपली, चालते. चाललंय कसंतरी."

फोन ठेवला. खिडकीबाहेर ती गाडी उन्हात लखलखत होती.

"हे कोनतं तोंड होय, पोरी?" वच्छलाबाईने विचारलं. "मी तं चौथंच दाबलं होतं."

अनुपमा मॅडमनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग हसल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "हे मी पुण्याला कसं लिहू? दृष्टीचा रकाना नाही त्यांच्याकडे."

"नोका लिहू. मले सांगा, आमी हसरं दाबलं तं चहा मियते?"

"आकडा हसला, तर पुढचं मी बघते."

सौदा ठरला, पण बाहेर सुभद्राबाईच आडवी आली. "चाळीस जनीनं एका दमात हसरं दाबाचं? एखांदीचं तरी लेकरू पडन आजारी. मी नाई दाबत."

वच्छलाबाईलाही ते पटत होतं. पोटातून भीती तिचीही गेली नव्हती. पण डोळ्यांसमोर तो फुटका दाणा पुढे पुढे जात होता. तिने कोनाड्यातून आपलं भगोनं काढलं, बुडाला अंगठा घासला, खांबाजवळ गेली आणि हिरव्या हसऱ्या तोंडाच्या गालावर काजळीची ठसठशीत तीट लावली. मग त्याच अंगठ्याने ते दाबलं.

"ये आता," ती सुभद्राबाईला म्हणाली. "कोन पायते थे पाहू."

चाळीसही जणींनी दाबलं.

पुढच्या महिन्यात हा कारखाना अकरांत पहिला आला. मॅडमने पुण्याला अकरा पानी अहवाल लिहिला. त्यात चहाला 'स्वयंस्फूर्त सहभोजन सत्र' म्हटलं होतं आणि चुलीला 'पारंपरिक उष्णता साधन'. पुण्याला तो इतका आवडला, की बाकीच्या दहाही कारखान्यांत तीन ते साडेतीन चहा सक्तीचा झाला. जो पिणार नाही त्याची हजेरी लागणार नाही. पट्टा मात्र होता तेवढ्याच वेगात राहिला. कॅमेरा मोरीच्या दारावरच राहिला.

इथे करंजाखाली पुन्हा तीन विटा मांडल्या गेल्या. पहिल्या मिनिटाला देवानंद फोटो काढतो, मग मोबाइल पालथा ठेवून आपला कप पुढे करतो. कधी मधी मॅडमही येतात आणि पोत्यावर बसतात. त्या दिवशी गोळी घेत नाहीत. कलाबाई-पुष्पाबाई अजून एकमेकींशी धड बोलत नाहीत, पण बशी पुढे सरकवतात.

खांबावरचं यंत्र सफाईवाला रोज सकाळी ओल्या फडक्याने लख्ख पुसतो. आणि रोज संध्याकाळी घरी जाताना वच्छलाबाई भगोन्याच्या बुडाला अंगठा घासून रांगेत पहिली उभी राहते.