डावीकडचा मासा

"बाबा, त्या दिवशी तुम्ही मिराचा पाला चघळून फोर्कलिफ्ट चालवत होतात का?"

हे विचारायची पैज माझ्या मैत्रिणीने, झुहूराने लावली होती, आणि मी विचारलंच! मोंबासाच्या चहाच्या गोदामात बाबांच्या फोर्कलिफ्टखाली काझुंगूकाकांचा पाय सापडला, तेव्हापासून अख्ख्या वस्तीला बाबांवर त्या पाल्याच्या नशेचा संशय होता.

"पाला तोंडात धरला असेल तर जीभ झडो माझी," बाबा म्हणाले. "काझुंगू कुठून आला, दिसलाच नाही."

भर दुपारी, एवढा धिप्पाड माणूस दिसला नाही? मला वेगळीच शंका आली. आम्ही तिघं एकाच परातीत जेवतो आणि बाबांच्या डावीकडचा मासा हल्ली नेहमी उरतो. "लेकीसाठी ठेवतात हो," असं आई कौतुकाने सांगते.

आज मी सगळा मासा गुपचूप त्यांच्या डावीकडे सारला. बाबा नुसता भात खात राहिले आणि शेवटी आईवर उखडले, "मासा विसरलीस की काय?"

"पुरे हो चेष्टा!" आई हसली. बाबा मात्र हसत नव्हते. मग तिचा घास हातातच राहिला.

बाबांनी मान पूर्ण वळवली, तेव्हा कुठे त्यांना मासा दिसला.

"डोळ्याचं कुठे बोलू नकोस, रिझिकी," ते पुटपुटले. "उद्यापासून मला परत फोर्कलिफ्टवर घेणार आहेत."

"आणि उद्या डावीकडून दुसरं कुणी आलं तर?"

बाबांनी परात बाजूला सारली.

"उद्या मी शाळेत जाणार नाही," मी जाहीर केलं. "तुमच्याबरोबर गोदामात येणार आहे. साहेबांना तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन."