परातीएवढं पाणी

श्रावण-भाद्रपदाने धुऊन, पिळून, निथळून ठेवलेले आकाश आश्विनाने उचलले आणि सड्यावर वाळत घातले.

निळे, निरभ्र, निवांत आकाश. त्याखाली काळ्या कातळाचा पसरट, उन्हात पहुडलेला सडा. कातळाच्या कडेकडेने सोनकीचे पीतवर्ण पूर, तेरड्याचे गुलाबी ओघळ. आणि खाली खोऱ्यात, पायरीपायरीने उतरणाऱ्या खाचरांत, पिकत चाललेल्या भाताचा हिरवा-सोनेरी श्वास. पाऊस गेला होता. थंडी यायची होती. मधल्या त्या उंबरठ्यावर ऊन बसले होते, कुणाचीच घाई नसलेले ऊन.

त्या उन्हात एक शाळा भरत होती. भिंती नसलेली, छप्पर नसलेली, घंटा नसलेली शाळा. एक जुनाट उंबर, त्याच्या वर आलेल्या मुळांची बाके, आणि त्या बाकांवर क्षणभरही न टिकणारी अकरा मुले. कोणी तीन वर्षांचे, कोणी पाच. आणि त्या अकरा जणांची एक कालिंदीताई.

कालिंदीताईने बावीस वर्षे तालुक्याच्या गावी भिंतींच्या शाळेत शिकवले होते. खिडकीतून ढग पाहणारी किती मुले तिने फळ्याकडे वळवली होती! मग एका वर्षी, जून महिन्यात, तिला वाटले की आपणच ढगांकडे वळावे. ती गावी परतली, उंबराखाली चटई टाकून बसली. पहिल्या वर्षी दोन मुले आली. आता अकरा होती.

सकाळी दवाने ओथंबलेली कोळ्यांची जाळी पाहायची, न मोडता पाहायची. चतुरांच्या काचेरी पंखांमागे धावायचे. गवताची पात ओठाशी धरून शीळ घालायची. चिखलाची भांडी, पळसाच्या पानांचे द्रोण, करवंटीत शिजणारा खोटा भात. असे दिवस येत होते, असे दिवस जात होते, आणि अकरा जणांच्या गुडघ्यांवर मातीचा टिळा लावून जात होते.

अकरावी होती वेणू.

नाव वेणू, आणि स्वर नाही. चार वर्षांची, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची वेणू. वैशाखात घाटातल्या एका वळणावर तिचे वडील गेले, आणि त्यांच्या मागोमाग, जणू त्यांचे बोट धरून, तिचा आवाज गेला. आई नलिनी ही आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर. आषाढात बदली घेऊन ती या गावी आली, तेव्हा लेक तिच्याशीसुद्धा बोलत नव्हती. शहरातल्या डॉक्टरांनी तपासले. गळा ठीक, कान ठीक. वेळ द्या, म्हणाले.

कालिंदीताईने वेळ दिला. तिने वेणूला कधी 'बोल' म्हटले नाही. मुलांनीही म्हटले नाही. पाच वर्षांच्या भैरूने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, "तिची जीभ झोपलीय," आणि झोपलेल्याला उठवू नये एवढे सगळ्यांना ठाऊक होते.

उंबरापासून वीस पावलांवर, तेरड्याच्या आड, कातळात एक खळगी होती. परातीएवढी रुंद, चार बोटे खोल. पावसाने भरलेली. त्या पाण्यात बेडकांची पिल्ले होती; काळी, ठिपक्यांएवढी, शेपटीने स्वल्पविराम लिहीत फिरणारी. वेणू रोज तिथे जाऊन बसे. उकिडवी, हनुवटी गुडघ्यांवर, वेणीचे टोक पाण्यात.

आणि आश्विनाचे ऊन, दिसायला लाघवी, पण तहानलेले. ते रोज त्या खळगीतले दोन बोटे पाणी पिऊन जाई. म्हणून कालिंदीताई रोज संध्याकाळी, मुले गेल्यावर, ओढ्यावरून एक कळशी आणी आणि गुपचूप खळगीत ओती. वेणूला दुसऱ्या दिवशी पाणी तसेच दिसे. पिल्ले तशीच दिसत. जगात काहीच आटत नाही असे एका मुलीला वाटावे, यासाठी एक बाई रोज कळशी वाहत होती.

दसऱ्याला चार दिवस होते. त्या सकाळी कालिंदीताई तेरड्याच्या अलीकडे वाळकी पाने गोळा करत होती. अलीकडे ती, पलीकडे वेणू, मध्ये फुललेला गुलाबी पडदा. आणि पडद्यापलीकडून आवाज आला.

बारीक, भेगाळलेला, बरेच दिवस न वापरलेला आवाज.

"भिऊ नका हं. मी आहे ना."

कालिंदीताईच्या हातातली पाने हातातच राहिली. पलीकडे पुन्हा तेच शब्द, थोपटल्यासारखे, अंगाईसारखे. "मी आहे ना. कुठ्ठे जाणार नाही."

धावावे, उचलावे, छातीशी धरावे असे तिला वाटले. पण ती पाऊल न वाजवता मागे सरकली. फुलावर बसलेल्या पाखरापासून सरकावे तशी, बोटबोटभर.

दुपारी नलिनी लेकीला न्यायला आली. पांढऱ्या साडीवर धूळ, डोळ्यांखाली जाग्रण.

"ताई, दसरा झाला की वेणूला कोल्हापूरला ठेवते. माझ्या भावाकडे," ती म्हणाली. "तिथं मोठी शाळा आहे, डॉक्टर आहेत. तुम्ही खूप केलंत. पण इथं... किती दिवस वाट बघू?"

कालिंदीताईच्या ओठांवर ते वाक्य आले. तुमची लेक बोलली, हे साधे तीन शब्द. पण ती ते कोणासाठी बोलली होती? पाण्यातल्या काळ्या ठिपक्यांसाठी, पडदा ओढून. ते सांगितले तर आई आज रात्रीच तिला समोर बसवेल, आर्जव करेल, रडेल. आणि मुलगी आवाज पुन्हा आत, आणखी आत, पुरून ठेवेल.

"सिस्टर, उद्या तुमची दुपारची ड्युटी ना?" तिने विचारले. "सकाळी थांबा इथं. काही करू नका, नुसत्या बसा. मग काय ठरवायचं ते ठरवा."

संध्याकाळी ती कळशी भरून खळगीपाशी आली. ऊन कलले होते. पाणी उतरले होते. तिने कळशी कमरेवरून उतरवली, तिरकी केली, आणि पुन्हा सरळ केली.

जी पिल्लांशी बोलते आहे, ती गरज पडली तर माणसाला हाक मारेल का?

हा प्रश्न तिला सुचला आणि सुचताच तिची तिलाच लाज वाटली. एका शब्दासाठी इतके जीव पणाला लावायचे? पण चार दिवसांनी हे मूल जाणार होते, मुके, दूर, चार भिंतींत. उद्या मध्यान्हापर्यंत, तिने स्वतःला बजावले, मध्यान्हापर्यंतच. भरलेली कळशी तशीच कातळावर ठेवून ती घरी गेली. जेवली नाही.

सकाळ उजाडली ती विनाढग, विनावारा, तापत उजाडली. मुले उंबराखाली भोंडल्याचा फेर धरून फिरत होती. नलिनी एका मुळावर बसली होती, सांगितल्याप्रमाणे नुसती. वेणू तेरड्याआड गेली होती. कालिंदीताई मुलांबरोबर टाळ्या देत होती, आणि एकही टाळी तिला ऐकू येत नव्हती.

तेरडा हलला. वेणू बाहेर आली. आधी चालत, मग धावत. फेर ओलांडून, भैरूला ढकलून, आईसमोरून ती सरळ कालिंदीताईपाशी आली आणि तिचा पदर दोन्ही मुठींत धरला. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा हलले.

"ताई, पाणी संपलं."

फेर थांबला.

"ती मरतील. ताई, चल ना. चल."

नलिनी उठली होती. तोंडावर हात घट्ट दाबून, एकही हुंदका बाहेर न सोडता, ती उभी होती. कालिंदीताईने तिच्याकडे पाहिले, किंचित मान हलवली: अजून नको. मग ती मुलांना म्हणाली, "करवंट्या घ्या. द्रोण घ्या. हळू चला."

खळगीच्या तळाशी तळहाताएवढे पाणी उरले होते आणि त्यात सगळे जग वळवळत होते. कडेला दोन ठिपके कातळाला चिकटून सुकले होते. कालिंदीताईने ते पाहिले. ते दोन ती कधी विसरणार नव्हती. तिने कळशीतले पाणी प्रत्येक करवंटीत थोडे थोडे ओतले. चिमुकली बोटे खळगीत उतरली, उचलू लागली, हसू लागली.

"वेणू बोलली," कस्तुरी नावाची मुलगी भैरूला म्हणाली.

"मग? जीभ उठली तिची," भैरू म्हणाला, आणि कामाला लागला.

ओढा शंभर पावलांवर. सोनकीच्या पिवळ्या पुरातून अकरा मुलांची रांग निघाली; जपत, डचमळत, जिभेची टोके दातांत धरून. मागून नलिनी, पांढऱ्या साडीची, रिकाम्या हातांची.

ओढ्याकाठी वेणूने मागे वळून पाहिले. आईचे हात रिकामे आहेत हे तिला दिसले. तिने आपल्या करवंटीतले एक पिल्लू उचलले, आईच्या ओंजळीत ठेवले, आणि ती ओंजळ खालून आपल्या दोन्ही हातांनी धरली.

"हळू हं आई," ती म्हणाली. "त्याला पाय फुटलेत."

नलिनीला पाय दिसले नाहीत. तिला काहीच दिसत नव्हते. ती नुसती वाकली. चार हात एकाच वेळी थंड पाण्यात गेले, आणि उघडले.

ड्युटीला अजून वेळ होता. नलिनीने तिथूनच भावाला फोन केला. दसऱ्यानंतर वेणूला आणत नाही म्हणाली. पुढचे पुढे पाहू म्हणाली.

मग मायलेकी घरी निघाल्या. सड्यावरून खाचरांकडे उतरणारी पाऊलवाट, दोन्हीकडे लोंब्यांनी वाकलेला भात, आणि मधून चाललेल्या दोघी, एक पांढरी, एक इवलीशी. कालिंदीताई उंबरापाशी उभी राहून पाहत होती. आता शब्द ऐकू येत नव्हते. नुसता एक स्वर येत होता, अखंड, अवखळ, चढत-उतरत, काहीतरी विचारत, स्वतःच उत्तर देत. भाताने आधी लेक झाकली, मग आई झाकली. पण तो स्वर झाकेना. पिकत्या शेतावरून तो येत राहिला, दूर, आणखी दूर, बारीक, आणखी बारीक.