एक गॅस, एक पाकीट

माणसाची समाजातली जागा जन्माने ठरत नाही, कर्तृत्वाने ठरत नाही, मृत्युलेखाने तर मुळीच ठरत नाही. ती ठरते लग्नाच्या पाकिटावर. हा सिद्धांत मी रविवारी दुपारी मोठ्या आवाजात मांडला. त्या वेळी माझ्या जिभेवर चाळीसएक पाकिटांचा डिंक होता, त्यामुळे ऐकणाऱ्यांना काहीच कळलं नाही आणि वहिनीने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

लग्न पुतणीचं होतं. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या एकुलत्या एक मुलीचं. दादा चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीच्या जावक विभागात होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राची वहीत नोंद करायची, शिक्का मारायचा, झालं. कचेरीत त्याला मागून 'जावक' म्हणत. निवृत्तीनंतर शिक्का तिथेच राहिला, पण शिक्का मारायला उचललेला हात घरी आला.

आमच्या घरात पाकिटांची पद्धत ठरलेली आहे. दादा वहीतून नावं सांगणार, मी लिहिणार, कारण मी आयुष्यभर नकाशे काढले आणि माझं अक्षर छापल्यासारखं आहे. आमची मधली बहीण अक्का पत्रिकेची घडी घालणार, पाकीट चिकटवणार (या वेळी घाई म्हणून चाळीसएक मी चिकटवली), तिकीट लावणार आणि मोजून टपालात टाकणार. अक्का इस्पितळात मेट्रन होती. तिने चिकटवलेलं पाकीट फोडायला लोकांना कात्री लागते.

दादाचे नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले होते. डॉक्टर असेल तर पुढे 'श्री.' नको, दोन्ही लिहिलं की एकच माणूस दोनदा आल्यासारखा वाटतो. निवृत्त न्यायाधीशांच्या नावापुढे 'निवृत्त' लिहायचं नाही, त्यांच्या घरात अजून कुणी त्यांना तसं सांगितलेलं नाही. ज्यांनी आपल्याला बोलावलं नव्हतं त्यांनाही पाकीट जाणार, पण कोपऱ्यात हाताने 'अवश्य यावे' लिहायचं नाही. त्यांना ते बरोबर समजतं. आणि या सगळ्यांच्या वरचा नियम, लाल शाईत: एक गॅस, एक पाकीट. घरात माणसं बारा असोत, स्वयंपाक एका गॅसवर होत असेल तर पाकीट एकच, कर्त्या पुरुषाच्या नावाने, खाली 'सहपरिवार'. सुनेने वेगळा गॅस घेतला असेल तर पाकिटं दोन. दादाने आठवडाभर फोन करून नातेवाइकांचे गॅस मोजले होते. दोन घरांतली आतली भांडणं त्यामुळेच आम्हाला कळली.

साडेचारला दादाने वही मिटली. "दोनशे तेरा. संपलं."

अक्काने हातातलं कोरं पाकीट वर धरलं. "हे एक उरलं."

"जास्तीचं आहे. एखादं खराब झालं तर."

"आणि माझं कुठाय?"

दादा हसला. आता वाटतं, तो हसला नसता तर पुढचं निम्मं टळलं असतं. "तुझं कसलं पाकीट? तू घरची."

"हा धाकटा घरचा नाही? त्याला गेलंय. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला लिहिलंय, वर 'अवश्य यावे' पण."

हे खरं होतं. कोपरा मोकळा दिसत होता म्हणून लिहिलं होतं.

"त्याचं घर वेगळं आहे," दादा म्हणाला. "तुझं नाव मी माझ्यात धरलंय."

"तुझं पाकीट दाखव."

"माझं कसं असेल? बोलावणारा मीच."

"म्हणजे जे पाकीटच नाही, त्यात मी आहे."

वहिनी म्हणाली, "मी काही बोलत नाही," आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली, म्हणजे नीट ऐकू येईल.

"अक्के, नियम आहे," दादा म्हणाला. "एक गॅस..."

"मग माझ्या घरी मी काय विटा खाते? एकोणीस वर्षं झाली घर घेऊन. दोन खोल्या, दोन शेगड्या, सिलिंडर माझ्या नावावर. तुझी मुलगी तीन वर्षं त्याच गॅसवर जेवलीय. वहिनीची बदली झाली तेव्हा पोरीला माझ्याकडे सोडलीस, तेव्हा नाही विचारलंस ते, गॅस कुणाचा?"

दादाने वहीकडे पाहिलं. मग ती जवळ ओढली.

अक्काचा आवाज चढत नाही, उतरतो. इस्पितळात तो असा उतरला की मोठमोठे सर्जन हात परत धुवायला जायचे, असं ऐकलंय. "त्रेसष्ट वर्षांची झाले मी. आधी बाबांच्या पाकिटात 'सहपरिवार'. ते गेल्यावर तुझ्या पाकिटात. बिऱ्हाड वेगळं केलं तरी तुझ्याच. लोकांचं सोड, लोक तुला विचारून लिहितात. दाराशी टपालाची पेटी लावली, पितळी पट्टीवर नाव कोरून घेतलं. त्या पेटीत वीजबिलाशिवाय काही पडलं नाही, आणि आता तर तेही फोनवर येतं. निदान हिच्या लग्नाचं पाकीट तरी माझ्या नावाने येईल असं वाटलं होतं. तीनदा चाळली मी चळत. वाटलं, दोन पाकिटं एकमेकांना चिकटली असतील."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "अगं, त्यात काय, आत्ता लिहितो," आणि तिच्या हातातलं कोरं पाकीट घेतलं. तोवर दादातला जावक जागा झाला होता.

"थांब. नावाआधी काय लिहिणार? सौ. नाही. श्रीमती लिहावं तर लोक विचारतील, गेलं कोण? नियमाने बघितलं तर..." त्याने खरंच वहीचं पहिलं पान उघडलं, "...कुमारी."

दाराआड वहिनीचा "अगंबाई!" स्पष्ट ऐकू आला.

अक्का उठली. दोनशे तेरा पाकिटांची पिशवी तिने खांद्याला लावली. "कुमारी लग्नाला येणार नाही," एवढं म्हणाली आणि गेली. दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

दादाला पहिला धक्का बसला तो पाकिटांचा. "पिशवी घेऊन गेली! टाकणार नाही ती. मुद्दाम टाकणार नाही." सोमवारी सकाळी नऊला तो मला ओढत तिच्या जिन्यावर घेऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत त्याने बेल दाबली. दार साखळीएवढं उघडलं.

"अक्का, पाकिटं!"

रिकामी पिशवी फटीतून बाहेर आली. घडी घातलेली. "कालच टाकली. सहाच्या आत. दोनशे तेरा. माझं भांडण तुझ्याशी आहे, कामाशी नाही."

दार बंद झालं. पिशवी माझ्या हातात राहिली. दादाने सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "चला, निभावलं. येईल ती लग्नाला. जातेय कुठे?"

मी साधारणपणे चिडत नाही. चिडलो की माझी रेघ वाकडी होते, आणि नकाशात वाकडी रेघ म्हणजे कुणाची तरी भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत. पण त्या जिन्यावर माझ्या कानशिलाची शीर तडतडायला लागली. "जातेय कुठे? गेलीय ती! तू पाकिटं विचारायला आलास. बहिणीला विचारायला आला असतास तर साखळी तरी निघाली असती! चौतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवलीस आणि घरातलं एक पाकीट तुला तीन गल्ल्यांपलीकडे पोचवता येईना? वर काय, तर कुमारी! लाज वाटली पाहिजे!"

"लिहीत तर तूच होतास," दादा शांतपणे म्हणाला. "दोनशे तेरा लिहिलीस. तुझ्या कुठे लक्षात आलं?"

मी रिकामी पिशवी उगाच पुन्हा घडी घालू लागलो.  खालच्या मजल्यावरचा माणूस दार उघडून आमच्याकडे बघत होता. राग कुठेतरी काढायचा म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. तो बिचारा दूध घ्यायला आला होता.

घरी नवरी वाट बघत बसली होती. वहिनीने, काही न बोलता, तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"ते उरलेलं पाकीट कुठाय?" तिने विचारलं.

मी ते काढलं, पेनाचं टोपण उघडलं. "सांग. मी झकास लिहितो."

"तुमचं अक्षर नको, काका. त्या अक्षरात आत्या दोनशे तेरा वेळा नाहीये."

मी टोपण लावलं.

तिने स्वतः लिहिलं. तिचं अक्षर वाईट आहे, ओळ डावीकडून चढते आणि उजवीकडे धापा टाकत संपते. हे अक्षर आत्यानेच गिरवून घेतलं होतं, ती तीन वर्षं, त्याच घरात. नाव, आडनाव, घराचा क्रमांक, मजला. बस्स.

दादा खांद्यावरून वाकून बघत होता. "नावाआधी काहीतरी हवं. उघडं दिसतं ते."

"दिसू दे."

"लोक काय..."

"बाबा," ती म्हणाली, आणि आवाज उतरला. हुबेहूब तसाच. मी नकळत खुर्ची मागे घेतली. "आत्याला तुम्ही घरची म्हणता ना? मग लोकांचं काय विचारता? आणि ती आली नाही, तर हॉलच्या दाराशी लोक मला विचारणार आहेत. मी सांगेन, माझ्या वडिलांनी गॅस मोजले, त्यात एक कमी पडला."

 ती तिकीट लावून पाकीट टाकायला गेल्यावर दादाने वही उघडली. शेवटच्या नोंदीखाली २१४ घातलं, पुढे अक्काचं नाव लिहायला घेतलं आणि थांबला. बहिणीचं पूर्ण नाव त्याने आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. ते लिहायला त्याला बराच वेळ लागला. मग पहिल्या पानावरचा लाल नियम त्याने खोडला. पट्टी ठेवून, एका रेषेत. माफी मागायला मात्र तो गेला नाही. ते जावक विभागात येत नव्हतं.

मंगळवार गेला. बुधवारी नवरीने फोन केला, अक्काने उचलला नाही. दादाने नुसतं विचारलं, "पोचलं असेल का?" आणि चौतीस वर्षं टपालात काढलेल्या त्या माणसाला मी काय सांगणार?

गुरुवारी दुपारी माझा फोन वाजला. अक्का.

"धाकट्या."

"बोल गं."

"आलंय पाकीट. पेटीच्या फटीतून दिसतंय. नाव वाचलं मी. पोरीने लिहिलंय ते. ओळ अजून चढतेच मेली."

  "मग? येणार ना?" मी विचारलं.

"ते पाकीट हातात आलं की बघू. दादाला सांग, माझा राग अजून आहे." मग तिचा आवाज आणखी खाली गेला, पण या वेळी वेगळ्या कारणाने. "आणि हसू नकोस. पेटीची किल्ली सापडत नाहीये. सकाळपासून उलथन्याने काढतेय. तुझा तो लांब चिमटा आहे ना, तेवढा घेऊन ये."