बिनचूक बोलणारा जिन

शनिवारी सकाळी गाढवाचे खूर घरी आले आणि त्यांनीच सगळा घोटाळा केला.

खूर रबरी होते. ऋजुताने ते पायांत चढवून आजोबांच्या कार्डिफच्या घरातल्या लाकडी जमिनीवर दोन पावलं टाकली, तर ते चक्क किचकिच वाजले. कॅमेऱ्यामागे उभी असलेली तिची मैत्रीण हुदा हसून हसून खाली बसली. लीलावतीबाईंनी सोफ्यावरूनच विचारलं, "अगं, हा जिन आहे की बाथटबमधलं बदक?"

"आजी, हसू नको ना! सोमवारी सबमिट करायचा आहे फिल्म!"

फिल्मच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा म्हणून ऋजुता आणि हुदा हा भयपट करत होत्या. गोष्ट हुदाच्या येमेनी आजीकडून आलेली. जिन आपल्याच माणसाचं रूप घेऊन दाराशी येतो, आवाजही तोच काढतो, पण पाय काही त्याला बदलता येत नाहीत, ते गाढवाचेच राहतात. सिनेमात एक म्हातारा घरी एकटा असतो. बाहेरून नात हाक मारते. तो दार उघडणार, तेवढ्यात त्याला काचेतून खूर दिसतात. मग खरी नात येते. दोन्ही नाती ऋजुताच होणार होती. ऐनवेळी दुसरा कोणी न मिळाल्यामुळे म्हातारा झाले होते खुद्द आजोबा, रघुवीरराव.

जिन मराठीत बोलावा, हा हट्ट हुदाचा. घरातल्या भाषेत हाक आली की माणूस जास्त घाबरतो, असं तिचं म्हणणं. म्हणून ऋजुताने आजोबांना ईमेल केला होता, इंग्रजीत. संवाद मराठीत करून द्याल का? रघुवीररावांनी तीन दिवस बसून चार ओळी घासूनपुसून दिल्या. ऋजुताने त्या रोमन लिपीत उतरवून पाठ केल्या.

ती आजोबांशी इंग्रजीतच बोलायची. अगदी गोड, अगदी सभ्य इंग्रजी. आजीशी मात्र मोडकंतोडकं मराठी धबधब्यासारखं चालायचं. याचं कारण रघुवीररावांना ठाऊक होतं. पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये डॉक्टर म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली बारीकसारीक दोष शोधण्यात गेली होती, आणि चारचौघांत ते कधी तोंड उघडत नसत. उघडलं ते एकदाच. मंडळाच्या गणपतीत नऊ वर्षांची ऋजुता माइकवर म्हणाली, "माझा आजी मोदक करतो." पहिल्या रांगेतून रघुवीरराव मोठ्याने म्हणाले, "माझी. करते." सगळा हॉल हसला. पोरीने माइक ठेवला आणि खाली उतरली. त्यानंतर तिने आजोबांशी मराठीचा एक शब्द काढला नव्हता. त्यांनी तिला माफीची चार पत्रं लिहिली, आणि चारही कुठल्या कुठल्या पुस्तकांत ठेवून दिली.

आता खूर फसले होते. म्हाताऱ्याला जिन कळणार कसा? दोघी मुली जमिनीवर बसून डोकं खाजवत होत्या. रघुवीररावांना उत्तर सुचलं आणि ते घाईघाईने स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलाच कप पुन्हा धुऊ लागले.

लीलावतीबाई मागोमाग आल्या. "काय झालं?"

"काही नाही."

"पन्नास वर्षं हे 'काही नाही' ऐकतेय मी. बोला."

ते हळूच बोलले. बाईंचे डोळे चमकले. "मग सांगा की तिला!"

"पुन्हा तिच्या चुका काढल्यासारखं होईल गं."

"मग स्वतःची काढा. कमी आहेत का?"

रघुवीरराव हात पुसत हॉलमध्ये आले. घसा दोनदा खाकरला. "ऋजुता, संवाद लिहिताना माझी एक चूक झाली."

तिने वर पाहिलं.

"दोन्ही नातींच्या ओळी मी सारख्याच लिहिल्या. शुद्ध. पण बाहेरून कोणी म्हणालं, 'आजोबा, माझी किल्ली हरवली आहे, दार उघडता का?' तर मी दार उघडणार नाही. ती तू नाहीस. असं तो जिन बोलेल."

ऋजुताने इंग्रजीत विचारलं, "आणि मी काय म्हणेन?"

"ते मला लिहिता येणार नाही," रघुवीरराव म्हणाले. त्यांची नजर खुरांवर होती. "मी एका नऊ वर्षांच्या मुलीला माइकवरून खाली उतरवलं. तेव्हापासून ते बोलणं माझ्या वाट्याला आलेलं नाही. मला फार आठवण येते त्याची."

हुदाला यातलं काहीच कळलं नाही. ऋजुताने थांबत थांबत तिला समजावलं. हुदाने दोन्ही खूर उचलून सोफ्यामागे भिरकावले आणि कॅमेरा उचलला.

पहिली थाप पडली. बाहेरून आवाज आला, "आजोबा, माझी किल्ली हरवली आहे. दार उघडता का?" एकेक अक्षर नीट. रघुवीररावांचा हात कडीवर गेला आणि तिथेच थिजला. आवाज लाडक्या नातीचा आणि भाषा आपलीच, या विचाराने त्यांना खरोखरच शहारा आला. त्यांनी हात मागे घेतला.

दुसरी थाप. मग दाराला तोंड लावल्यासारखा आवाज आला.

"आजोबा? माझा किल्ली हरवला. दार खोल ना. बाहेर पाऊस पडते, माझा केस ओला झाली. तू झोपला का?"

पाच आकडे मोजून मग दार उघडायचं असं ठरलं होतं. रघुवीररावांचा एकसुद्धा आकडा झाला नाही.

"कट! डॉक्टर, फाइव्ह सेकंड्स, प्लीज!" हुदा ओरडली.

पुन्हा केलं. पुन्हा त्यांनी आधीच उघडलं. तिसऱ्या वेळी तर तिचं "माझा" पुरतं होण्याआधीच. शेवटी हुदाने हात टेकले आणि पहिलाच टेक ठेवला.

चारच्या सुमारास कॅमेरा बंद झाला. रघुवीरराव गॅसपाशी आल्याचं आधण पाहत होते. ऋजुता केस पुसत दारात आली.

"आजोबा, चहा झाली का?"

कॅमेरा बंद होता. कोणी लिहून दिलं नव्हतं. रघुवीररावांच्या जिभेच्या टोकाशी जुनी सवय नुसती वळवळली.

"झाली," ते म्हणाले. "गरम आहे. ये."

लीलावतीबाईंचा बिस्किटांचा डबा हातातच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा पाय दाखवा बघू तुमचे."