कोरी कार्डं

पाणीपुरवठा खात्याच्या आस्थापना शाखेत, दारामागच्या भिंतीवर जो लाकडी फलक दिसतो, तो मी. आता म्हातारा झालो आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर दोनशे दहा खिळे आहेत. एक खिळा म्हणजे एक मंजूर पद. त्यावरचं कार्ड म्हणजे त्या पदावरचा माणूस.

सुताराने मला घडवलं, पण कामाला लावलं ते शाखेच्या मुख्य लिपिक बाईंनी. कुणी निवृत्त झालं की त्या कार्ड काढून घेत. तीन वर्षांत जाणाऱ्यांच्या कार्डाला पिवळी कड लावत. दर वर्षी रिकामे खिळे आणि पिवळ्या कडा मोजून नव्या माणसांची मागणी वर पाठवत. तेव्हा मला रोज फडकं मिळे.

पुढे बाईही निवृत्त झाल्या. तपासणी आली, तेव्हा नवे साहेब म्हणाले, "हे काय, दात पडलेल्या तोंडासारखं दिसतंय! भरून टाका." नव्या लिपिकाने रिकाम्या खिळ्यांवर कोरी कार्डं टांगली. तपासणी संपली, कार्डं तशीच राहिली; पुढे कुणी निवृत्त झालं की तिथेही कोरं कार्डच लागे. चार वर्षं माझ्याकडे बघूनच मागणी गेली: रिक्त पदं, शून्य.

एक दिवस पंपचालक आला. त्याच्या पंप केंद्रावर चौघांचं काम दोघे ओढत होते. त्याची बायको इस्पितळात होती, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"साहेब, पंधरा दिवस रजा द्या. बदली माणूस पाठवा," तो लिपिकाला म्हणाला.

लिपिकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "अहो काका, तुमच्याकडे चार पदं, चार कार्डं. माणसं आहेत की!"

त्याने जवळ येऊन दोन कार्डं उलटून पाहिली. दोन्ही बाजूंनी कोरी.

"मग यांनाच पाठवा पंपावर," तो म्हणाला. "चहासुद्धा मागणार नाहीत."

लिपिक उठला आणि कोरी कार्डं काढू लागला. एकतीस निघाली. त्याच दिवशी त्याने खरी मागणी लिहिली, पण भरतीला वर्ष लागतं. शेजारच्या केंद्रातला माणूस बदलीसाठी मोकळा झाला तो अकराव्या दिवशी; तोवर रजा अडून राहिली. पंपचालकाची बायको आठव्या दिवशी गेली होती.

तो रजेचा अर्ज परत न्यायला आला.

"काका, बसा जरा."

"बसून काय करू आता?"

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली तरी चालेल, मला सवय आहे. पण जिथे माणूस नाही, तिथे नाही असंच लिहा. वेळेवर लिहा. म्हणजे कुणाला तरी आपल्या माणसाच्या उशाशी बसता येईल.