काचवाल्यांच्या गाडीचे मागचे दिवे

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी काचवाल्यांच्या पिकअपचा मागचा बंपर मोजणीसाहेबांच्या कुंपणाच्या भिंतीवर आदळला. महिन्यातली ही तिसरी खेप. हौद्यातल्या लाकडी घोडीला उभा बांधलेला चार बाय सहाचा आरसा आधी नुसता थरथरला, मग मनाशी काही ठरवल्यासारखा मधोमध तडकला. माणसांपैकी कुणाला इजा झाली नाही. भिंतीचा टवका उडाला.

मोजणीसाहेब बाहेर आले ते टेप आणि खडू घेऊनच. जमीन मोजणीच्या नोकरीतून ते आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते, पण त्यांची टेप काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. भिंतीवरच्या आधीच्या दोन टवक्यांभोवती त्यांनी खडूनं गोल काढून तारखा घातल्या होत्या. आता तिसरा गोल काढला.

गल्ली नव्वद फूट लांब. रुंदी अशी की पिकअप शिरली की बाजूनं मांजर जाईल, तेही अंग चोरून. शेवटी डाव्या हाताला काचवाल्यांचं दुकान आणि त्यालाच लागून घर, आणि नाकासमोर मोजणीसाहेबांची भिंत. आत वळवायला जागा नाही, म्हणून गाडी उलटीच आत घ्यायची. मागचं काही दिसायची सोय नाही, कारण घोडी आणि काचा आड येतात. बाजूच्या आरशांत फक्त दोन्हीकडच्या भिंती दिसतात.

यावर काचवाल्यांनी चोवीस वर्षांपूर्वी तोडगा काढला होता. तो म्हणजे त्यांची बायको. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणत. वहिनी गाडीच्या मागे उभ्या राहायच्या, एक हात हौद्याच्या मागच्या फाळक्यावर ठेवून उलट पावली चालायच्या, भिंत जवळ आली की बाजूला दुकानाच्या पायरीवर सरकायच्या आणि मधलं अंतर बघत थापा मारायच्या. जोडीनं थाप म्हणजे येऊ द्या, एकच जोरात थाप म्हणजे बस. चोवीस वर्षांत काचवाल्यांनी मान वळवून मागे पाहिलं नव्हतं. पूर्वी वहिनी काचा कापायच्या, कडा घासायच्या. मशीन आल्यापासून ते काम सुटलं. धंद्यात त्यांचा हात म्हणून आता फाळक्यावरचा तेवढा उरला होता.

"तिन्ही टवके एकाच जागी," मोजणीसाहेब उठत म्हणाले. "तिन्ही वेळा गाडी नऊ इंच जास्त आली. सव्वानऊ नाही, पावणेनऊ नाही. चूक अशी एकसारखी असली ना काचवाले, की ती करणाऱ्याची नसते, साधनाची असते. साधन तपासा. इशारा कोण देतं तुम्हाला?"

वहिनी तिथंच, तीन हातांवर, फुटक्या आरशाचे तुकडे गोळा करत होत्या.

उत्तर काचवाल्यांना तीन आठवड्यांपासून माहीत होतं. एका संध्याकाळी दाराशी ठेवलेल्या सिमेंटच्या पोत्याला वहिनींनी दोनदा हाड हाड केलेलं त्यांनी पाहिलं होतं. दिवसा सगळं ठीक असायचं. उजेड कमी झाला की वहिनींना भिंत नऊ इंच लांब दिसत होती. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे चोवीस वर्षांच्या कामावरून त्यांना कमी करायचं. ते काचवाल्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

"माझीच नजर अधू झालीय, साहेब," ते म्हणाले. "थाप वेळेवर पडते, पाय उशिरा पडतो."

नजरेचा आणि पायाचा संबंध मोजणीसाहेबांनी विचारला नाही. मागे चांगले दिवे बसवून घ्या, एवढंच म्हणाले.

सल्ला काचवाल्यांना एकदम पटला, फक्त वेगळ्या कारणानं. भरपूर उजेड पडला की वहिनींना भिंत जिथल्या तिथं दिसेल. कुणाला काही सांगायला नको. बुधवारी दुपारी एक वाजता गाडी वायरमनच्या दुकानात उभी होती.

वायरमन हा कामात चोख आणि तोंडानं फाटका माणूस. गाडीला मूळचे जे मागचे दिवे होते, त्यांना तो काजवे म्हणाला. मग त्यानं एलईडीचे दोन जोड पुढे ठेवले, एक लहान आणि एक मोठा. गल्लीपुरता लहान बास होता. काचवाल्यांनी मोठा उचलला.

"बंपरखाली लावतो," वायरमन म्हणाला. "उजेड जमिनीवर पडेल, कुणाला त्रास नाही."

"वर लावा. फाळक्याच्या दोन्ही टोकांना. पाच फुटांवर."

"पाच फुटांवर कशाला, काका?"

कारण वहिनींची उंची पाच फूट होती, आणि ज्याला दिसायला हवं त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिवा हवा, असा काचवाल्यांचा सरळ हिशेब होता. तो त्यांनी बोलून दाखवला नाही. वायरमननं स्क्रू आवळता आवळता एकदा हात थांबवला आणि विचारलं, गाडी मागे घेताना मागे कुणी माणूस असतो का, कारण असला तर त्याचं काही खरं नाही.

"कुणी नसतं," काचवाले म्हणाले. दोन दिवसांतलं हे त्यांचं दुसरं खोटं.

रिव्हर्स गिअर पडला की दिवे आपोआप लागतील, अशी जोडणी वायरमननं करून दिली. फ्यूज कुठं बसवलाय तेही दाखवलं.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला काचवाल्यांनी गल्लीच्या तोंडाशी गिअर टाकला आणि गल्लीत दुपार झाली. भिंतींचे पोपडे मोजता येतील एवढा लख्ख उजेड पडला. एका खिडकीतल्या पिंजऱ्यात झोपायच्या तयारीत असलेला पोपट सकाळचं बोलणं बोलायला लागला. मोजणीसाहेब बाहेर आले, आत गेले आणि उघडी छत्री समोर धरून पुन्हा बाहेर आले.

जोडीच्या थापा सुरू झाल्या. काचवाल्यांना बरं वाटलं. मग वीस फुटांवर एक जोरदार थाप पडली. ते थांबले. इथं तर काहीच नव्हतं. त्यांनी जरा पाय सैल केला, तर लागोपाठ तीन थापा पडल्या. तीन थापांचा अर्थ ठरलेलाच नव्हता. इंजिन बंद करून ते अंग चोरत मागे गेले. वहिनी डोळे गच्च मिटून, मान एका बाजूला वळवून, वादळात खांब धरावा तसा दोन्ही हातांनी फाळका धरून उभ्या होत्या.

"सत्तर फूट बाकी आहेत अजून," छत्रीमागून आवाज आला.

वहिनींनी हळूहळू डोळे उघडले. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, आणि तेच वाईट होतं.

"तुम्हाला नीट दिसतंय ना आता?" त्यांनी विचारलं.

"हो. एकदम स्वच्छ."

"मग माझं काय काम," असं म्हणून त्या घरात निघून गेल्या.

उरलेले सत्तर फूट काचवाल्यांनी एकट्यानं पार केले. पंचवीस मिनिटं लागली. एवढ्या उजेडात त्यांना आरशांत त्याच दोन भिंती दिसत होत्या, फक्त जास्त चांगल्या. दर पाच-सहा फुटांवर खाली उतरायचं, मागे जाऊन बघायचं, परत चढायचं, असं ते बारा वेळा चढले-उतरले. भिंतीला धक्का लागला नाही. मोजणीसाहेबांनी अंतर घेतलं, ते चार फूट सात इंच भरलं. गाडीचं नाक अजून शेजाऱ्यांच्या दारात होतं.

रात्रीच्या जेवणात वहिनी मोजकंच बोलल्या. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे, असं त्यांनी कळवलं. नजर अधू झाली म्हणता, गाडीला एवढे मोठे फोकस लावता, मग डॉक्टरला दाखवायला काय होतं, हा त्यांचा मुद्दा होता.

गुरुवारी दहा वाजता काचवाले डॉक्टरीणबाईंच्या उंच खुर्चीत बसले. पडदे ओढलेली खोली, समोर अक्षरांचा तक्ता. मागच्या बाकावर वहिनी, मांडीवर पर्स घेऊन. तक्ता काचवाल्यांना खालच्या ओळीपर्यंत स्पष्ट दिसत होता. आता पंचाईत अशी की चुकायचं कसं आणि किती. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्या ओळीतल्या अक्षरावर पट्टी ठेवली. तो ग होता. काचवाले घुटमळले.

"म आहे, म," मागून वहिनी हळूच म्हणाल्या. नवरा अडला की त्यांना राहवत नसे.

"म," काचवाले ठामपणे म्हणाले.

पुढचं अक्षर ट होतं. वहिनींनी ढ सांगितला. काचवाल्यांनी ढ म्हटलं. अशी ओळ पुढे सरकत गेली. पाचव्या अक्षराला डॉक्टरीणबाईंनी पट्टी खाली घेतली, काचवाल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे पाहिलं. काचवाल्यांनी छताकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी काचवाल्यांची हनुवटी एका मशीनवर टेकवायला लावली. त्यात रुग्णानं काही बोलावं लागत नाही. दोन मिनिटांत त्यांनी सांगून टाकलं की काकांची नजर या वयाला हेवा वाटावा अशी आहे. मग एक कार्ड घेऊन त्यावर शनिवार, सकाळी अकरा असं लिहिलं. नावाची जागा रिकामी ठेवली आणि कार्ड वहिनींच्या हातात दिलं.

"यांचे डोळे चांगले आहेत, तर शनिवारी कुणी यायचं?"

"तुम्ही दोघं ठरवा, काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

परतीच्या वाटेवर वहिनींनी कार्ड आधी लांब धरून पाहिलं, मग नाकाशी आणून पाहिलं आणि पर्समध्ये टाकलं. दोन सिग्नल गेले.

"किती दिवस झाले तुम्हाला कळून?"

"काय?"

"तेच."

काचवाल्यांनी गरज नसताना गिअर बदलला. "तू पोत्याला हाड हाड केलंस ना, तेव्हापासून."

"ते पोतं होतं?" वहिनी समोर बघत म्हणाल्या. "मी म्हटलं, काय निगरगट्ट कुत्रं आहे. हूं की चूं नाही." मग त्यांनी मान वळवली. "म्हणजे ते दिवे तुम्ही माझ्यासाठी लावलेत?"

"हो."

"माझ्याच तोंडावर?"

शनिवारी जायचं का, हे काचवाल्यांनी घर येईपर्यंत तीनदा विचारायचं ठरवलं आणि एकदाही विचारलं नाही. गुरुवारी आणि शुक्रवारी गाडी मोठ्या रस्त्यावरच उभी राहिली. काचा त्यांनी एकेक करून हातांनी आत नेल्या. दिव्यांचा फ्यूज काढून खिशात ठेवला.

शनिवारी सव्वादहा वाजता काचवाल्यांनी पिकअप गल्लीच्या तोंडाशी आणली, इंजिन चालूच ठेवलं आणि शेजारच्या सीटवरची धूळ फडक्यानं पुसली. मग ते चालत येऊन घराच्या दाराशी उभे राहिले; वहिनी आत होत्या. दहा पस्तीसला आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या कपाटात त्यांचे बाहेर जायचे कपडे असतात. घरीच बसायचं असलं की त्या काढतात ती विणकामाची पिशवीही त्यातच असते. दहा चव्वेचाळीसपर्यंत कपाट बंद झाल्याचा आवाज आलेला नव्हता.