मेलेल्या मालकाचा विमा

गाडीला कुलपं किती होती, तर मोजून घ्या. स्टिअरिंगला आडवा लोखंडी दांडा, गिअरला कुलूप, पुढच्या चाकाला पिवळा चिमटा, आणि आत कुठेतरी दडवलेला भोंगा. वरून जाड कापडाची खोळ, तिलाही मध्ये साखळी. एवढा बंदोबस्त बँकेच्या तिजोरीलाही नसेल. हे सगळे दागिने जावईबापूंनी चढवलेले. जावईबापू नळ आणि बेसिनं विकणाऱ्या दुकानात कामाला होते. गाड्यांशी त्यांचा संबंध मोबाइलवर वाचण्यापुरता. पण बोलायला लागले की असं वाटावं, गाडी यांच्याच पोटातून निघाली.

तर त्या शनिवारी भरदुपारी एक सिमेंटचा ट्रक मागे येता येता घरासमोर उभ्या असलेल्या या गाडीवर चढला. सगळी कुलपं जागच्या जागी होती. भोंगा इमानदारीने पाव तास बोंबलला. पण तो रोज मांजर बसलं तरी बोंबलायचा, त्यामुळे घरातला थोरला मुलगा आरामखुर्चीतून न उठताच म्हणाला, "मांजर असेल."

"मांजर एवढं जड कुठलं रे?" म्हणत माई बाहेर आल्या, तोवर ट्रक गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. नंबर कोणी पाहिला नाही. गाडीचं नाक आत गेलं होतं, बॉनेट दुमडून वर आलं होतं, आणि खालून हिरवं पाणी ठिबकत होतं.

थोरल्याने डोक्याला हात लावला. "आत्ता परवाच पॉलिश केलं होतं," तो म्हणाला.

माईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की शेजारीण आपली खिडकी लावून आत गेली.

माईंची शाळा तिसरीपर्यंत. पण घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तीन शिलाई मशिनी लावून त्यांनी तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले, आणि त्यातली एकही मशीन कधी ऐन हंगामात बंद पडली नाही. दर आठवड्याला तेल, पट्टा ढिला पडायच्या आत बदलायचा, आणि आवाज बदलला की हात थांबवायचा. यंत्राचं याहून जास्त काही नसतं, असं त्यांचं मत. थोरला गाडी रोज धुवायचा, टायरांनासुद्धा काळं चमकदार औषध चोळायचा, पण बॉनेट उघडून आत डोकावलेला त्याला कोणी पाहिला नव्हता. मागे एकदा गाडी सुरू होताना चीं करायला लागली, तेव्हा माई म्हणाल्या होत्या, "पट्टा गेलाय हिचा." त्यावर थोरला हसला होता, "माई, ही शिलाई मशीन नाही हो." शेवटी धाकट्या सुनेने गॅरेजात नेली. पट्टाच गेला होता.

गाडी खरी चालवायची ती ही धाकटीच. धाकटा परगावी नोकरीला, महिन्यातून दोन दिवस उगवणारा. धाकटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत लागली होती. पाळी सकाळी सहाची, आणि पहिली बस सातची. नोकरी पक्की व्हायला अजून पाच आठवडे होते, आणि तोवर एक दिवस जरी उशीर झाला तरी घरी बसा, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलेलं. शनिवारच्या त्या प्रकारानंतर तिने हातापाया पडून आठवड्याची रजा मिळवली. त्यापुढच्या सोमवारी सहाला ती तिथे हवी होती. गाडी नाही तर नोकरी नाही, इतकं साधं होतं ते.

"काळजीच करू नका," जावईबापूंनी सांगितलं. ते बातमी ऐकून दुपारच्या जेवणालाच आले होते. "विमा आहे. मी स्वतः भरतो दरवर्षी, मोबाइलवर, पाच मिनिटांत. आणि नो क्लेम बोनससुद्धा राखलाय, एकदाही क्लेम न घेता. लोकांना हे कळतच नाही."

"लोकांना कळत नाही ते तुम्हाला कळतं, म्हणून तर मुलगी दिली," माई म्हणाल्या. जावईबापूंना ती स्तुती वाटली.

सोमवारी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. बारीक, घामेजलेला, काखेत फाइल. त्याने चहा नको म्हटलं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून फोटो काढले, कुलपांकडे पाहून काही बोलला नाही, आणि आत येऊन टेबलाशी बसला. कागद पाहता पाहता त्याने विचारलं, "मालक कुठायत?"

खोलीत सगळे होते. थोरला, जावईबापू, दाराशी धाकटी, आणि खुर्चीत माई.

"ते वारले," जावईबापू म्हणाले.

"अरेरे. कधी?"

"गेल्या महिन्यात."

माईंना वाटलं आपल्या कानात काहीतरी बिघडलं. ह्यांना जाऊन दोन वर्षं आणि वर चार महिने झाले होते.

सर्व्हेअरने पॉलिसीवरची तारीख पाहिली. "म्हणजे सात आठवड्यांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हा ते हयात होते. मग जमेल. वारसांच्या नावाने क्लेम घालू. मृत्यूचा दाखला?"

"तो अजून हातात आला नाही," जावईबापू चटकन म्हणाले. "पोचवतो ना मी."

"बरं, मग आत्ता बाईंचा जबाब घेतो. तारीख सांगा, मी लिहितो, खाली सही करा." त्याने पेन उघडलं. "वर्कशॉपला आजच कळवतो. शनिवारपर्यंत गाडी मिळेल."

जावईबापू माईंच्या कानाशी वाकले. "दाखल्याचं मी बघतो, माई. ओळखीचा माणूस आहे. तुम्ही फक्त हो म्हणा."

शनिवारपर्यंत गाडी. माईंनी धाकटीकडे पाहिलं. ती काही सुचवत नव्हती, विनवत नव्हती. जमिनीकडे बघत अंगठ्याने दाराच्या चौकटीचा रंग खरवडत होती. फक्त हो म्हणायचं होतं. आयुष्यात माई खोटं बोलल्या नव्हत्या असं नाही. कापड कमी पडलं की गिऱ्हाइकाला फॅशन म्हणून सांगितलं होतं. पण ह्यांचा जीव गेला तो दिवस उचलून जावईबापूंच्या सोयीच्या महिन्यात नेऊन ठेवायचा? त्या दुपारी ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा गाडी या पोरीने हाकली होती. शिकून तिला अकरा दिवस झाले होते. थोरला मागे बसून लहान पोरासारखा रडत होता, आणि ही घामाने निथळत, सगळ्या गाड्यांना भोंगे देत, ह्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत घेऊन गेली होती. ती दुपार कोणाच्या ओळखीच्या माणसाकडून बदलून घ्यायची नव्हती.

"दोन वर्षं आणि चार महिने," माई म्हणाल्या. "लिहा. तारीखही सांगते, पाठ आहे."

"माई!" जावईबापू ओरडले.

सर्व्हेअरने पेनाला टोपण लावलं. त्याला राग आला नव्हता; रोजचंच असावं. "मग बाई, क्लेम होत नाही. ते गेल्यावर पॉलिसी तीनदा भरली, तिन्ही वेळेला मेलेल्या माणसाच्या नावाने. दोन वर्षं तुमच्याकडे विमा नव्हता. नुसत्या पावत्या होत्या."

"आणि या दोन वर्षांत हिच्या हातून कोणाला धक्का लागला असता तर?"

"तर सगळं तुमच्या अंगावर आलं असतं. घरदार, मशिनी, सगळं. आणि चालवणारीच्या तर पहिलं."

धाकटीचा अंगठा थांबला. दोन वर्षं ती रोज त्या गाडीने रस्त्यावर जात होती.

"आता काय करायचं ते सांगा," त्या सर्व्हेअरला म्हणाल्या. "यांना नका सांगू. यांना सगळं येतं. मला सांगा, सावकाश."

त्याने सांगितलं. आधी गाडी जिवंत माणसाच्या नावावर करा, बाकी वारसांच्या संमतीच्या सह्या घेऊन. मग त्याच नावाने विमा. पैसे भरायच्या आधी नाव, गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून बघा. दोन्ही किल्ल्या जपा. गाडी चोरीला गेली तर दोन्ही मागतात, एकच दिली की शंका घेतात. "आणि बाई, एवढी कुलपं लावता, तर गाडी कुंपणाच्या आत उभी करा की. जागा आहे तुमच्याकडे."

जागा होती. तिथे थोरल्याच्या कुंड्या होत्या.

सर्व्हेअर गेला आणि माई जावयाकडे वळल्या. "बोनस राखलात तुम्ही. गाडी गेली, विमा नव्हताच, पोरीची नोकरी चालली. पण बोनस तेवढा राखलात."

"मी विचारलं होतं!" जावईबापूंचा चेहरा लाल झाला. "पहिल्याच वर्षी विचारलं होतं, माई, गाडी कोणाच्या नावावर करायची. तुम्हीच म्हणालात, ह्यांचं नाव कुठूनही काढायचं नाही. आहे आठवण?"

होती. विजेच्या बिलावरून नाव गेलं होतं, बँकेच्या पुस्तकावरून गेलं होतं, दारावरची पाटी थोरल्याने रंगाच्या निमित्ताने उतरवली ती परत लावलीच नव्हती. गाडीच्या कागदावर तेवढे ते राहिले होते. दर वर्षी टपालाने त्यांच्या नावाचं विम्याचं एक पाकीट यायचं, श्रीयुत लावून. माई ते फोडायच्या नाहीत, नुसतं कपाटात ठेवायच्या.

"हो, म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "माझी अक्कल तेव्हा ठिकाणावर नव्हती. माझा नवरा मेला होता. तुमचं काय मेलं होतं? का अकलेलाही कुलूप लावून किल्ली हरवलीत?"

जावईबापू मोबाइल काढून जुन्या पावत्या शोधायला लागले.

"गाडी धाकटीच्या नावावर होईल. धाकट्याला बोलावून घेते, लेकीलाही. सगळ्यांच्या सह्या उद्या इथे, या टेबलावर."

आता थोरल्याला कंठ फुटला. "पण मोठा मी आहे, माई. आणि गाडीचं सगळं मीच करतो. रोज धुतो कोण?"

"धुतोस म्हणून गाडी तुझी? मग आपल्या भांडीवालीच्या नावावर चार घरांचे संसार करावे लागतील."

धाकटी हसली नाही, पण तिने तोंड फिरवलं. थोरल्याने दुसऱ्या दिवशी सही केली. इतकी बारीक केली की माईंनी ती पुन्हा करायला लावली.

गॅरेजवाला माईंच्या गणवेशांच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी. नवा पत्रा मागवला तर पंधरा दिवस, तो म्हणाला. भंगारातल्या गाडीचा बसवला तर शुक्रवारी देतो, मात्र पांढरा मिळेल. गाडी होती मरून. "पांढरा बसव," माई म्हणाल्या. खर्चाचं काय केलं हे त्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही; पत्र्याच्या खोलीत तीनच्या दोन मशिनी उरल्या, ते ज्याला दिसलं त्याला दिसलं. पुढच्या पत्र्याचं काम करता करता गॅरेजवाल्याने चाकंही उतरवली आणि ब्रेकचा एक तुकडा आणून माईंच्या तळहातावर ठेवला. जिथे बोटभर जाडी हवी तिथे नखाएवढी होती.

"ट्रक आला ते बरंच झालं म्हणायचं," तो म्हणाला. "वरून आरसा आणि खालून ही दशा. धुतं कोण एवढी?"

"आहे एक," माई म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी त्या धाकटीबरोबर वाहन नोंदणीच्या कचेरीत गेल्या. बाकावर दोन तास काढले. तेवढ्यात माईंनी नवीन पॉलिसीचा नमुना धाकटीकडून ओळ न ओळ वाचून घेतला, आणि एका ओळीला दोनदा थांबवलं. शेजारच्या बाकावरचा एक माणूस मोबाइलवर पाच मिनिटांत विमा भरत होता. माईंनी त्याच्याकडेही पाहून घेतलं.

खिडकीतल्या बाईने अर्ज घेतला, दाखला पाहिला, चार सह्या मोजल्या. मग यंत्रावर काहीतरी दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

"काय झालं?"

"जुनं नाव निघालं. हे बघा." तिने पडदा वळवला.

माईंना वाचायला वेळ लागायचा. त्यांनी एकेक अक्षर जुळवत धाकटीचं नाव वाचलं, मग वरची ओळ वाचली, मग खालची. तिथे दुसरं कोणी नव्हतं. मागे रांग वाढत होती आणि खिडकीतली बाई बोटांनी टेबल वाजवायला लागली होती, तरी त्या हलल्या नाहीत.

"माई," धाकटी हळूच म्हणाली.

"आले. पाकिटं आता तुझ्या नावाने येतील. आली की त्याच दिवशी फोडत जा." त्या वळल्या. "आणि विम्याच्या कागदावर हे वारसाचं नाव मागतायत खाली, तिथे काय लिहिलंस?"

"रिकामं ठेवलंय. तुम्हाला विचारून—"

"मला कशाला? तुझी गाडी. तुझ्या मनाला येईल त्याचं लिही, फक्त जिवंत माणसाचं लिही. जावईबापूंना मात्र विचारू नकोस, ते सवलत शोधतील."

धाकटीने नवऱ्याचं नाव लिहिलं, विमा तिथेच बाकावर बसून घेतला, नंबर ताडून पाहिले, आणि मग दोघी बाहेर आल्या. गॅरेजवाल्याने गाडी तिथेच आवारात आणून ठेवली होती. मरून गाडीला पांढरं तोंड उन्हात भलतंच दिसत होतं. थोरला आता हिला धुणार नव्हता, हे नक्की.

"कशी दिसते हो," धाकटी म्हणाली.

"दिसायला काय करायचंय? ब्रेक लावून दाखव मला," माई म्हणाल्या, आणि पुढच्या सीटवर बसल्या. धाकटीने कचेरीच्या रिकाम्या आवारात गाडी जोरात नेऊन खाडकन थांबवली. माईंचं कपाळ काचेपाशी पोचता पोचता पट्ट्याने मागे खेचलं.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "सोमवारी सहाला पोचायचंय."